दोन कप्तान, एक खुर्ची

खुर्ची करकरली नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

एरवी खुर्ची करकरली नाही तर लोक सुताराची पाठ थोपटतात. पण ही खुर्ची अंतराळातली होती. दूरचित्रवाणी केंद्राने आपल्या जुन्या सामानाचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि त्यात त्या गाजलेल्या जुन्या मालिकेतली कप्तानाची खुर्ची मधोमध, लाल दोरीच्या आत, दिव्याच्या झोतात ठेवली होती. उद्घाटनाला मालिकेतले कप्तान स्वतः आले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली, कोट सावरला आणि ते खुर्चीत बसले. दिवे मंद झाले. छायाचित्रकारांनी गुडघे टेकले. दीडशे माणसांनी श्वास रोखून धरला. कप्तान डोळे बारीक करून हळूच पुढे झुकले.

काहीच नाही.

ते मागे टेकले, पुन्हा झुकले. डावीकडे कलले, उजवीकडे कलले. शेवटी तर बसल्या बसल्या दोनदा उसळले. खुर्ची ढिम्म. कोणीतरी मागून फिस्सकन हसलं. कप्तानांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस खुशीत होता. सगळ्यात मागे, इस्त्रीचा शर्ट घालून, हाताची घडी करून उभे असलेले मिस्त्री. त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "बघा, आहे का आवाज? काल संध्याकाळी केलं. सांध्यात सरस आणि एक पाचर. बस्स."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ही खुर्ची मुकी राहिली तर एवढं काय बिघडलं, हे समजायला तो भाग आठवायला हवा.

मालिकेत दोन कप्तान होते. एक आपल्या यानाचा, तोच उद्घाटनाला आला होता, आणि एक शत्रूच्या. पोरंसोरं त्यांना 'आपला' आणि 'परका' म्हणत, आणि पुढे ते नट रस्त्याने चालले तरी लोकांच्या तोंडी तेच यायचं. त्या भागात दोन्ही यानं धुळीच्या एका अफाट ढगात शिरतात. यंत्रं आंधळी होतात. आता जो आधी आवाज करील तो मेला. दोघे कप्तान इंजिनं बंद करून, आपापल्या खुर्चीत कान टवकारून बसतात. पडद्यावर नुसते दोन चेहरे, आळीपाळीने. हलायचं नाही, खोकायचं नाही. घराघरांत लोकांनीही चहाचे कप खाली ठेवले नव्हते, वाजतील म्हणून. आणि मग आपला कप्तान इंचभर पुढे झुकतो, आणि खुर्ची बोलते. कर्र्र्र... कट्. तिकडे परक्या कप्तानाचे डोळे सावकाश वळतात. त्याने ऐकलेलं असतं.

पोकळीतून आवाज जातोच कसा, असं एका शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरांनी केंद्राला पत्र लिहून विचारलं होतं. केंद्राने उत्तर दिलं नाही. आवाज जात नसेल तर उत्तर तरी कुठून येणार?

खरी गंमत अशी की हा आवाज लिहिलेलाच नव्हता. कागदावर चमचा पडायचा होता. चमचा पाडायला नेमलेला माणूस चमचा हातात घेऊन पडद्यामागे उभा राहिला, आणि त्याच्या आधीच मिस्त्रींची खुर्ची करकरली. दिग्दर्शकाने जीभ चावली, मग टेप पुन्हा पाहिली, आणि चमचेवाल्याला घरी पाठवलं.

तेव्हापासून मिस्त्रींच्या पाठी हे भूत लागलं. केंद्रात त्यांनी उभ्या आयुष्यात काय काय केलं! सिंहासनं केली, बोटींचे डेक केले, तुरुंगाची दारं केली, जिने केले, ज्यांवरून जाडजूड नट धावत आले आणि पायरीने हूं केलं नाही. त्याचं नाव कोणी काढायचं नाही. पण लग्नकार्यात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही ओळख निघाली की माणूस टाळी मागणार. "अरे वा, म्हणजे ती करकरणारी खुर्ची तुमची! काय आवाज काढलात हो!" दहा पोरं नीट मार्गाला लागावीत आणि लोकांनी अकराव्या उनाडाचंच नाव घ्यावं, तसं. मिस्त्री कसनुसं हसत, आणि घरी येऊन बायकोला म्हणत, "सांधा ढिला राहिला होता ग. ढिला सांधा म्हणजे काय कला असते का?"

बायको म्हणे, "लोक चांगलं म्हणतायत ना? घ्या की मुकाट्याने."

घेणाऱ्यातले ते नव्हते. त्यातून दैव असं की प्रदर्शनाच्या सामानाची राखण करायला केंद्राने जो माणूस नेमला तो नेमका मिस्त्रींचा जावई. शिकलेला पोरगा, पण बरेच दिवस घरी बसलेला. ही नोकरी लागली, तीही कच्ची. प्रदर्शन नीट पार पडलं तर पक्की करू, असं सांगितलेलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सासरे म्हणाले, "जुनी खुर्ची एकदा डोळ्यांनी बघू द्या, जावईबापू." जावयाने दोरी उचलून त्यांना आत सोडलं आणि तो त्यांच्यासाठीच चहा आणायला गेला. तो येईस्तोवर यांनी पिशवीतून सरसाचा डबा काढून कार्यभाग उरकलेला.

उद्घाटन कसंबसं आटोपल्यावर प्रदर्शनाच्या प्रमुख मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं.

"खुर्चीला हात कोणी लावला?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी लावला." अजून थोडं कौतुक होईल अशी आशा होतीच. "आता पन्नास वर्षं हूं की चूं करायची नाही. माझा शब्द."

"काका, ती हूं की चूं करते म्हणून तर इथे आहे!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "लोक तिकीट काढून येणार आहेत. त्या खुर्चीत बसून, पुढे झुकून, स्वतः तो आवाज काढायला. आणि येत्या रविवारी जुन्या प्रेक्षकांचा मेळावा आहे. दोन्ही कप्तान तो प्रसंग करून दाखवणार आहेत. सगळी तिकिटं संपली."

"मग टेपवरचा आवाज लावा की मागून."

"कोणी बसलं की मी पळत जाऊन बटण दाबू? लोक खुळे आहेत का?"

मिस्त्रींनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"हे बघा," मॅडम जावयाकडे वळल्या. त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. "वस्तू जशी होती तशी ठेवायची, एवढंच तुमचं काम. बाकी काही नाही. रविवारी खुर्ची गप्प राहिली तर वरचे लोक मला विचारतील, मी तुमचं नाव सांगीन. माझ्याकडे दुसरं नाव नाही."

बाहेर आल्यावर जावई एवढंच म्हणाला, "बाबा, मी चहा आणायला गेलो होतो." ज्या आवाजात म्हणाला, त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिव्यांचं खातं मुलीकडे होतं. ती संध्याकाळी माहेरी आली ती चप्पल न काढताच. "जन्मभर लोकांच्या खुर्च्या गप्प केल्यात. एक बोलत होती, तर तिचाही गळा आवळलात!"

"अग, पण सांधा..."

"सांध्याचं नाव काढू नका! त्यांची नोकरी गेली तर काय सांगायचं लोकांना? सासऱ्याने खुर्ची चांगली केली म्हणून गेली?"

"तसं सांगितलंस तर कोणी विश्वास ठेवणार नाही," बायको आतून म्हणाली. ती कोणाच्या बाजूने होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडायच्या आत मिस्त्री हत्यारं घेऊन हजर. मोडायला कितीसा वेळ लागतो, असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. या खुर्चीला चार पाय नव्हते. अंतराळात चार पाय शोभत नाहीत, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. एक जाड लाकडी खांब, तो खालच्या पेटीतल्या खोबणीत उतरवलेला, आणि त्यावर बैठक. खोबणीत मिस्त्रींनी सरस असा भरला होता आणि पाचर अशी बसवली होती की आता तो सांधा त्यांच्याच बापाला दाद देईना. स्वतःच्या हाताचं कौतुक करावं की कपाळ बडवावं, हे त्यांना कळेना. शेवटी गरम पाण्याची फडकी गुंडाळून, शेकून शेकून, हिसके देऊन खांब सुटला. सुटला तो असा सुटला की खुर्ची डुगडुगायला लागली. डुगडुगली, पण बोलली नाही.

मग उपायांची रांग लागली. कानशीने थोडं घासलं. राळ चोळून पाहिली. वाळू टाकून पाहिली. जावई बसायचा, झुकायचा. मुलगी मोबाइलवर तो जुना भाग लावून कानाशी धरायची आणि निकाल द्यायची.

"हा उंदीर आहे."

मिस्त्री पुन्हा खांब काढत, पुन्हा बसवत.

"हे दार आहे, बाबा. जुन्या घराचं. यान नाही."

पुन्हा.

"हे काय... हे तर यांचं पोट वाजलं."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीये मी," जावई म्हणाला.

उभा जन्म ज्या माणसाने करकर मारायची विद्या कमावली, त्याला करकर जन्माला घालायची म्हणजे काय, ते त्या दिवसांत कळलं. पोहणाऱ्याला मुद्दाम बुडायला सांगावं तसं. हात आपोआप नीटच करायला धावत. ढिलं ठेवायचं ठरवून ठोकलेली पाचर शेवटच्या घावाला सवयीने घट्ट बसे, आणि मिस्त्री हातोडी आपटून स्वतःलाच म्हणत, "गाढवा, कोणी सांगितलं होतं?" मेळावा तोंडावर आला, आणि खुर्ची एक तर मुकी किंवा उंदीर.

शेवटी त्यांनी ठरवलं, ज्यांच्या बुडाखाली ती बोलली त्यांनाच विचारू.

आपले कप्तान चौथ्या मजल्यावर राहत. भिंतभर त्यांचेच फोटो. उद्घाटनाचा अपमान त्यांना अजून पचला नव्हता. "मिस्त्री, आवाज लाकडात नव्हताच," ते म्हणाले. "माझ्या झुकण्यात होता. ते झुकणं मी तीन दिवस आरशासमोर बसवलं होतं."

"मग परवा का नाही झाला? झुकलात की तुम्ही."

कप्तानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी शत्रूच्या यानाकडे पाहत. "तुम्ही चहा घेतलात का?" असं विचारलं, म्हणजे आता उठा.

परके कप्तान एका बहिणीकडे राहत, तळमजल्यावर. गुडघ्यांचं दुखणं निघाल्यापासून बहिणीने त्यांना उंच पलंग करून दिला होता. त्यावरून गुडघे फार न वाकवता उठता यायचं, पण बसलं की पाय जमिनीला लागायचे नाहीत. शत्रूच्या आरमाराचा तो दरारा बसवणारा माणूस पलंगाच्या कडेला पोरासारखे पाय हलवत बसला होता. हकीकत ऐकून ते इतके हसले की बहीण पाणी घेऊन आली.

"तुम्हाला सांगतो, मिस्त्री, ती खुर्ची का वाजली. तुम्ही माझ्यासाठी तिच्याखाली फळ्या सारायचात ना? दोन बोटं उंच. कारण त्याच्यापेक्षा मी ठेंगणा दिसता कामा नये. आणि त्याला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आपलं."

मिस्त्रींनी घसा खाकरला. "त्यांच्यासाठीही सारायचो."

"काय?"

"त्यांनाही दोन बोटं हवी होती. तुम्हाला सांगू नका म्हणाले. मग तुम्ही टेप पाहून म्हणालात, अजून एक बोट. मग ते म्हणाले, अजून एक. यान एकच होतं ना आपलं. सकाळी लाल दिवे लावले की तुमचं, दुपारी निळे लावले की त्यांचं. खुर्चीही एकच. सकाळी फळ्या घाल, दुपारी काढ, पुन्हा घाल. रोज ठोकाठोकी." बोलता बोलता मिस्त्री थांबले. "खांब झिजला तो त्यानेच."

"म्हणजे आम्ही दोघे पडद्यावर सारखेच उंच दिसायचो?"

"अगदी सारखे. पाय तेवढे दोघांचेही लोंबकळायचे. म्हणून तर खालून कधी दाखवलं नाही."

परक्या कप्तानांनी आपल्या लोंबकळत्या पायांकडे पाहिलं. "मग तुम्हाला खांब झिजवायचा असेल तर आम्हा दोघांनाच बसवायला हवं," ते म्हणाले. "तो डावीकडे रेलतो, मी उजवीकडे पसरतो. तुमचा जावई बिचारा सरळ बसत असणार."

"याल?"

"येईन. पण मला एक स्टूल करून द्या. पायाखाली घ्यायला. बाजारातली डुगडुगतात. आणि दुसरं, शेवटी मी बसणार. तो उठल्यावर. त्याच्या आधी नाही."

मिस्त्रींनी शब्द दिला. तिथून परत चौथ्या मजल्यावर गेले, आणि "ते आधी बसतील, शेवटी तुम्ही" असं सांगून आपल्या कप्तानांनाही कबूल केलं. जुनी सवय. या दोघांशी खरं बोलून केंद्रात कोणाचंच कधी काम झालं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. मॅडमही आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. आता हे दोघे कप्तान पडद्यावर भागामागून भाग एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत आले, पण चित्रण करताना दोघेही बघत होते ते समोरच्या भिंतीवर खडूने काढलेल्या फुलीकडे. एकाच्या वेळी दुसरा घरी असे. त्यामुळे समोरासमोर आले तेव्हा काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

"केस गेले वाटतं," आपले म्हणाले.

"तुमचे कधी होते? मला वाटलं तो टोपच होता."

जमलं. मिस्त्रींनी निःश्वास सोडला.

आपले बसले. मिस्त्रींनी फळ्या सारल्या, पाचर ठोकली. उठले. परके बसले. फळ्या काढल्या. जावई घामाघूम होऊन बैठक उचलून धरत होता, आणि दर खेपेला दोघांपैकी एकजण मिस्त्रींच्या कानाशी लागून "अजून एक बोट चालेल" म्हणत होता, जणू टेप फिरतेच आहे. खांब घासला जात होता, भुसा पडत होता, आणि खुर्ची मात्र नवऱ्यावर रुसलेल्या बाईसारखी गप्प. दुपार कलली. परक्यांचे गुडघे बोलायला लागले, खुर्ची बोलेना.

"आता शेवटचं मी बसतो," आपले म्हणाले आणि बसले.

"शेवटचा मी आहे," परके म्हणाले. "मिस्त्रींना विचारा."

"मिस्त्रींनीच मला सांगितलं, 'शेवटी तुम्ही'."

दोघांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री खाली वाकून भुसा गोळा करायला लागले.

"उठा," परके म्हणाले.

"नाही उठत. कप्तान यान सोडत नाही."

"अहो, यान माझं आहे, सकाळची पाळी..." आणि परक्यांनी काठी टाकून खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात रोवले आणि सगळा भार देऊन तिला, बसलेल्या माणसासकट, पुढे रेटली.

कर्र्र्र... कट्.

मुलीने मोबाइल लावून ऐकला. पुन्हा ऐकला. "हाच!" ती ओरडली. "जवळजवळ हाच!"

"जवळजवळ," मिस्त्री पुटपुटले. जुना आवाज खालून यायचा. हा बाजूने येत होता. पण हे ऐकायला तिथे कोणाला वेळ होता?

मग कळलं की घोडं पुढे पेंड खातंय. एकटे आपले झुकले, खुर्ची गप्प. एकटे परके झुकले, गप्प. एकाने बसायचं आणि दुसऱ्याने मागून रेटायचं, तरच ती बोलायची. मिस्त्रींनी अजून थोडं घासून बघतो म्हटलं, तर मॅडमनी त्यांच्या हातातली कानस काढूनच घेतली. "आता हात लावायचा नाही. बस."

"पण मॅडम," मिस्त्री म्हणाले, "दोन यानं आहेत. शत्रू आपल्या यानात, आपल्याच खुर्चीमागे काय करणार?"

"अंधारात उभा राहील," मॅडम थकून म्हणाल्या. "दुसरा काही उपाय आहे तुमच्याकडे?"

नव्हता.

रविवारी हॉल भरून वाहत होता. निळा दिवा आपल्या कप्तानांवर, आणि त्यांच्या पाठीशी मिट्ट काळोखात परके कप्तान, काळं पांघरूण घेऊन. पाचशे माणसांनी श्वास रोखला. आपले इंचभर झुकले. अंधारात दोन म्हातारे हात पाठीवर रोवले गेले. कर्र्र्र... कट्. आणि त्याच क्षणी लाल दिवा लागला, परक्यांचा चेहरा आपल्यांच्या खांद्यावरून उजळला, डोळे सावकाश वळले. शत्रू इतक्या जवळ होता! लोक उभे राहिले. बायकांनी एकमेकींचे हात धरले. एक म्हातारे गृहस्थ रडत म्हणाले की मूळ भागातही असंच होतं, त्यांना स्पष्ट आठवतंय.

मिस्त्री मागच्या रांगेत उभे होते. शेजारच्याने टाळी मागितली, "काय आवाज काढलात हो!" त्यांनी हात पुढे केला, आणि तोंड कडू झालं. पहिला ढिला सांधा निदान घाईने झाला होता. हा त्यांनी शुद्धीवर राहून, हत्यारं परजून केला होता.

जावयाची नोकरी राहिली. नुसती राहिली नाही, पक्की झाली, कारण आता त्याच्याशिवाय खुर्ची चालतच नाही. कोणी तिकीट काढून बसलं, पुढे झुकलं, की मागे हा उभा. दोन्ही हात रोवायचे आणि रेटायचं. दिवसभर. लोक खूश होऊन जातात. काही जण त्यालाही बसायला सांगतात आणि स्वतः रेटून बघतात. संध्याकाळी तो खांदे चोळत घरी येतो.

"पदवीधर आहेत ते," मुलगी अजून फोनवर ऐकवते. "आणि करतात काय, तर खुर्ची ढकलतात. तुमच्या कृपेने."

"मी नीट करून देतो ती," मिस्त्री म्हणतात. "एका दिवसात. मग ढकलायला नको."

"बाबा, त्या हॉलच्या आसपास दिसलात तर बघा!"

दारावरच्या पहारेकऱ्याला मॅडमनी मिस्त्रींची पिशवी तपासायला सांगून ठेवली आहे.

मग ते घरी बसून परक्या कप्तानांचं स्टूल करतात. केव्हाच झालं खरं तर. चार पाय, वर फळी, एवढंच काम. पण बसवलं की मिस्त्री त्यावर गुडघा टेकतात, कान लावतात, आणि त्यांना काहीतरी ऐकू येतं. पाय सोडवतात, पुन्हा बसवतात. बायको कान लावून म्हणते, काही नाही हो. त्यांना पटत नाही.

परक्यांचा फोन येतो. "मिस्त्री, माझे पाय अजून लोंबकळतायत."

"सरस वाळतोय, साहेब."

"मागच्या खेपेलाही वाळतच होता. मी तुमच्यासाठी यान ढकललं हो!"

"आणतो. या आठवड्यात आणतोच."

फोन ठेवून मिस्त्री वळतात. बायको खुर्चीत बसून पेपर वाचत असते, दोन्ही पाय आरामात त्या स्टुलावर.

"ते द्यायचंय."

"मग द्या की," ती पान उलटत म्हणते. पाय काही उचलत नाही.